इम्युनोथेरपी : खरी कसोटी घरी परतल्यानंतर

मुंबईच्या रुग्णालयात सकाळी सलाईन लागते आणि तासाभरात सुटतेही. उलटी नाही, चक्कर नाही, केस गळण्याची धास्ती नाही. रात्रीची कोकणकन्या पकडून रुग्ण दुसऱ्या दिवशी मडगावला उतरतो, तेव्हा घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. दुसरी मात्रा, तिसरी मात्रा अशीच सुखरूप पार पडते. मग ऐन चतुर्थीच्या दिवसांत जुलाब सुरू होतात. सणाचे खाणे बाधले असेल या समजुतीने फार्मसीतून गोळी आणली जाते. दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी जवळच्या डॉक्टरांकडे नेले जाते. पण रुग्ण कर्करोगावर कोणते औषध घेत आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. त्या सलाईनचा आणि या जुलाबांचा काही संबंध असू शकेल, हे घरात कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

हा प्रसंग काल्पनिक आहे. परंतु इम्युनोथेरपी घेणाऱ्या कोणाच्याही घरी तो घडू शकतो. केमोथेरपीचा त्रास बहुधा सलाईननंतरच्या पहिल्या काही दिवसांत दिसतो आणि तो केमोचाच आहे हे सर्वांना ठाऊक असते. इम्युनोथेरपीचा त्रास आठवड्यांनी, महिन्यांनी, क्वचित उपचार थांबल्यावरही उद्भवतो आणि तो येतो साध्या खोकल्याच्या, जुलाबाच्या, थकव्याच्या रूपाने. वेळीच ओळखला तर तो बहुतेकदा आटोक्यात येतो. दुर्लक्षिला तर जिवावर बेतू शकतो. म्हणूनच या उपचारात रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय यांच्या सावधपणाला औषधाइतकेच मोल आहे.

औषध करते तरी काय?

केमोथेरपीची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर थेट आघात करतात. इम्युनोथेरपीचे औषध कर्करोगाच्या पेशीला स्वतः मारत नाही. ते शरीराच्या संरक्षक पेशींना मोकळीक देते.

आपल्या रक्तातील टी-पेशी पहारेकऱ्यांसारख्या फिरत असतात. समोर आलेली पेशी आपली की परकी, याची त्या तपासणी करतात. निरोगी पेशींवर चुकून हल्ला होऊ नये म्हणून निसर्गाने या पहारेकऱ्यांना आवर घालणारी यंत्रणाही दिली आहे. टी-पेशीच्या पृष्ठभागावर 'पीडी-१' नावाचे प्रथिन असते. समोरच्या पेशीवर त्याला जुळणारे 'पीडी-एल१' आढळले, की टी-पेशी शांत होते. चेकनाक्यावर परवाना दाखवला की गाडी पुढे सोडावी, तसा हा प्रकार. अनेक कर्करोग नेमका हाच परवाना अंगावर मिरवतात आणि पहाऱ्यातून निसटतात. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, अटेझोलिझुमॅब, दुर्व्हालुमॅब ही औषधे या दोन प्रथिनांची गाठ पडू देत नाहीत. परवाना चालेनासा झाला, की पहारेकरी कामाला लागतात.

पीडी-१ या प्रथिनाचा शोध जपानमधील क्योटो विद्यापीठात तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत 1992 मध्ये लागला. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी 'सीटीएलए-४' या दुसऱ्या लगामावर काम केले आणि त्यातून 2011 मध्ये इपिलिमुमॅब हे औषध अमेरिकेत मान्य झाले. या दोघांना 2018 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

लगाम सैल केला, की त्याचा परिणाम कर्करोगापुरताच राहील अशी खात्री नसते. मोकळे झालेले पहारेकरी आतडे, फुप्फुस, त्वचा, यकृत, थायरॉइड अशा निरोगी अवयवांवरही चालून जाऊ शकतात. या उपचाराच्या दुष्परिणामांचे मूळ हेच आहे.

सर्वांनाच लागू पडते का?

जून 2022 मध्ये न्यूयॉर्कमधील एका चाचणीचे वृत्त जगभर गाजले. गुदाशयाच्या कर्करोगाचे 12 रुग्ण, दोस्तार्लिमॅब हे औषध आणि बाराही जणांचा अर्बुद दिसेनासा झालेला. हे वृत्त खरे होते. परंतु ते सर्व रुग्ण एका विशिष्ट गटातील होते. त्यांच्या कर्करोगपेशींत जनुकांतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा निकामी झालेली होती. अशा पेशी टी-पेशींच्या नजरेत सहज भरतात. गुदाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी थोड्याच रुग्णांत हा दोष आढळतो. इतरांना याच औषधाचा तसा गुण येत नाही.

म्हणूनच उपचारापूर्वी बायोप्सीच्या नमुन्यावर काही चाचण्या केल्या जातात. पेशींवर पीडी-एल१ चे प्रमाण किती आहे आणि दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे की नाही, हे त्यातून कळते. कर्करोगाच्या प्रकारानुसार यांपैकी कोणती चाचणी आवश्यक, हे डॉक्टर ठरवतात. फुप्फुस, मूत्रपिंड, मूत्राशय, डोके व मान यांचे कर्करोग आणि मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग यांत ही औषधे वापरली जातात. कधी ती एकटी दिली जातात, कधी केमोसोबत. केमो जोडीला असेल तर केस गळणे, मळमळणे हे केमोचे त्रास अर्थातच होतात.

'सीएआर टी-पेशी' उपचार हाही इम्युनोथेरपीचाच प्रकार. पण त्याची रीत निराळी आहे. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल करून परत सोडतात आणि रुग्णाला रुग्णालयात ठेवावे लागते. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधनातून साकारलेल्या अशा पहिल्या भारतीय उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र सलाईनवाटे दिली जाणारी, अधिक प्रमाणात वापरली जाणारी औषधे हाच आहे.

पहिल्या मात्रेपूर्वी

पहिल्या भेटीत रक्ताच्या बऱ्याच तपासण्या होतात : रक्तपेशींची मोजणी, यकृत, मूत्रपिंड, रक्तातील साखर, थायरॉइड. कावीळ ब आणि क, एचआयव्ही यांच्या चाचण्याही बहुधा होतात. हृदयाचा आलेख आणि छातीचा स्कॅन काढून ठेवतात. पुढे काही बिघाड झालाच, तर तो आधीपासूनचा की नवा, हे या नोंदींवरून ठरते. त्यामुळे हे कागद जपून ठेवावेत.

डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता रुग्णाने काही गोष्टी आपणहून सांगाव्यात. संधिवात, सोरायसिस, ल्युपस यांसारखा, शरीराने स्वतःवरच उलटण्याचा आजार पूर्वी झाला आहे का? मूत्रपिंड किंवा अन्य अवयवाचे प्रत्यारोपण झाले आहे का? क्षयरोग होऊन गेला आहे का? प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात मोकळ्या झालेल्या टी-पेशी त्या अवयवालाच परका ठरवू शकतात. गर्भधारणेच्या काळात ही औषधे सहसा देत नाहीत. उपचारादरम्यान आणि त्यानंतरचे काही महिने संततिनियमन आवश्यक असते.

एक गोष्ट मात्र हटकून राहून जाते. 'इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवण्याचा उपचार' असा अर्थ लावून घरोघरी काढे सुरू होतात. करोनाच्या साथीनंतर गुळवेलीचे प्रस्थ विशेष वाढले. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही व्यक्तींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली होती. तो वाद बाजूला ठेवला, तरी यकृताला सूज आणू शकणारे औषध चालू असताना डॉक्टरांना न विचारता कोणताही काढा, चूर्ण वा 'बूस्टर' घेणे शहाणपणाचे नाही. सूज आलीच, तर ती कशाने आली, हा उलगडाही मग कठीण होतो.

सलाईनचा दिवस

प्रत्यक्ष औषध साधारणतः अर्ध्या तासात, काही वेळा तासाभरात जाते. बहुतेकदा रुग्णाला दाखल व्हावे लागत नाही; डे-केअर विभागातूनच घरी सोडतात. औषधानुसार दर दोन, तीन, चार किंवा सहा आठवड्यांनी पुढची मात्रा असते आणि प्रत्येक वेळी आधी रक्त तपासले जाते. औषध जात असताना थंडी वाजणे, अंग खाजणे, धाप लागणे असे काही झाल्यास लगेच परिचारिकेला सांगावे. असे फार थोड्यांना होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी थोडा थकवा जाणवतो. एवढ्यावर निभावते, म्हणून अनेकांना वाटते की औषध 'सौम्य' आहे. हा समज चुकीचा आहे.

कोणत्या लक्षणांवर नजर ठेवावी?

पीडी-१ रोखणारे एकच औषध दिले असता गंभीर दुष्परिणाम साधारणतः दहांपैकी एक-दोघांना होतात. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही जोडी मिळून दिली, तेव्हा मेलानोमाच्या चाचण्यांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. दुष्परिणामांचा क्रम सर्वांत सारखा नसला, तरी एक ढोबळ वेळापत्रक दिसते. त्वचेचे त्रास पहिल्या काही आठवड्यांत, आतड्याचे व यकृताचे त्यानंतर, तर ग्रंथींचे बहुधा आणखी उशिरा.

त्वचा : पुरळ आणि खाज हा सर्वांत नेहमीचा त्रास. बहुतेकदा मलमाने भागते. अंगावर फोड आले, तोंड वा डोळे सोलवटले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आतडे : नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा अधिक वेळा जादा शौचास होणे, रक्त वा आव पडणे, पोटात कळा येणे ही आतड्याला सूज आल्याची चिन्हे असू शकतात. जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने घेतल्यास लक्षण झाकले जाते, सूज आत वाढतच राहते.

फुप्फुस : नवा कोरडा खोकला, चालताना पूर्वी न लागणारी धाप. आपल्याकडे पावसाळ्यात घराघरांत खोकला असतो आणि तो वातावरणावर ढकलला जातो. इम्युनोथेरपीच्या रुग्णाने तसे करू नये. करोनाकाळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात असेल, तर तो बाहेर काढावा. नेहमीच्या आकड्यापेक्षा पातळी घसरत असेल, तर थांबू नये.

यकृत : लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, भूक मरणे. पुष्कळदा लक्षण काहीच नसते आणि बिघाड केवळ रक्ततपासणीत दिसतो. 'बरे वाटते आहे, मग या वेळी रक्त कशाला?' असे म्हणून तपासणी टाळू नये.

ग्रंथी : दहांपैकी साधारण एका रुग्णात थायरॉइड मंदावते. थकवा, बद्धकोष्ठता, वजन वाढणे, थंडी सहन न होणे ही लक्षणे कर्करोगामुळेच आहेत असे गृहीत धरले जाते. उपाय सोपा आहे, रोजची थायरॉक्सिनची गोळी. ती बहुधा कायम घ्यावी लागते. पिट्युटरी किंवा अधिवृक्क ग्रंथी बिघडल्यास तीव्र डोकेदुखी, उठताना घेरी, रक्तदाब उतरणे, सतत उलट्या होतात. मे महिन्यात हे 'ऊन लागल्याचे' वाटते, पण वेळ घालवणे घातक ठरते. क्वचित एकाएकी मधुमेह उद्भवतो. अतोनात तहान, वारंवार लघवी, झपाट्याने घटलेले वजन अशी चिन्हे दिसल्यास त्याच दिवशी साखर तपासावी.

हृदय व स्नायू : हा सर्वांत दुर्मीळ, पण सर्वांत धोक्याचा प्रकार. छातीत दुखणे, धडधड, धाप, पापण्या आपोआप मिटणे, गिळताना त्रास, हातापायांतील बळ जाणे. बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच हे घडते. येथे सकाळ होण्याचीही वाट पाहू नये. थेट आपत्कालीन विभागात जावे.

ताप आला तरीही कळवावे. तो संसर्गाचा की सुजेचा, हे तपासल्याविना ठरत नाही. मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत.

स्टेरॉइडची भीती

दुष्परिणाम सौम्य असेल, तर लक्ष ठेवून उपचार चालू राहतात. मध्यम असेल, तर पुढची मात्रा लांबवून स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. गंभीर असेल, तर रुग्णालयात दाखल करून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड दिले जाते आणि पुष्कळदा ती इम्युनोथेरपी कायमची थांबवली जाते. ग्रंथींच्या बिघाडात मात्र कमी पडलेले संप्रेरक गोळीने भरून काढता येते आणि उपचार बहुधा पुढे चालवता येतात.

येथे रुग्णाच्या मनात शंका येते : स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबते, मग कर्करोगावरचा उपचारच वाया जाणार नाही का? आजवरचा अनुभव दिलासा देणारा आहे. दुष्परिणाम आवरण्यासाठी स्टेरॉइड घ्यावे लागलेल्या अनेक रुग्णांत कर्करोगावरील परिणाम टिकून राहिलेला दिसतो. म्हणून या भीतीने लक्षणे लपवू नयेत.

खरा धोका असतो तो स्टेरॉइड एकाएकी बंद करण्यात. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या थांबवल्या, की सूज उसळून येते. मात्रा हळूहळू, साधारण चार ते सहा आठवड्यांत उतरवावी लागते. त्या काळात साखर वाढू शकते, झोप उडते, पोटात जळजळ होते, जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. मधुमेह असलेल्यांनी साखर अधिक वेळा तपासावी.

दुष्परिणाम झाला नाही म्हणजे औषध लागू पडत नाही, असाही एक समज आहे. तोही खरा नव्हे. कोणताही त्रास न होता उत्तम गुण आलेले रुग्ण आहेत.

गुण आला, हे केव्हा कळते?

पहिला स्कॅन साधारणतः आठ ते बारा आठवड्यांनी होतो. तोवरचा काळ रुग्णासाठी कठीण असतो, कारण आत काय चालले आहे हे बाहेरून उमजत नाही. टी-पेशींना जाग यायला वेळ लागतो. थोड्या रुग्णांत टी-पेशींची गर्दी झाल्यामुळे गाठ आधी मोठी दिसते आणि नंतर आक्रसते. परंतु असे क्वचितच घडते. मोठी दिसणारी गाठ बहुतेकदा खरोखरच वाढलेली असते. शंका असल्यास डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन सांगतात. त्या काळात रुग्णाची प्रकृती कशी आहे, यालाही महत्त्व असते.

अपेक्षा किती धरावी? अनेक कर्करोगांत निम्म्याहून कमी रुग्णांनाच स्पष्ट गुण येतो. मात्र ज्यांना येतो, त्यांच्यापैकी काहींमध्ये तो वर्षानुवर्षे टिकतो, औषध थांबवल्यावरही टिकतो. मेलानोमा आपल्याकडे विरळा. पण पसरलेल्या मेलानोमाचे रुग्ण पूर्वी वर्षभरही क्वचितच जगत. निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब एकत्र मिळालेल्यांपैकी 43 टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात असल्याचे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व कर्करोगांत असे आकडे नाहीत. औषध किती काळ चालणार, हे रोगावर अवलंबून असते. शस्त्रक्रियेनंतर दिले, तर बहुधा एक वर्ष. पसरलेल्या रोगात अनेकदा दोन वर्षांपर्यंत.

खर्चाचा डोंगर

पूर्ण मात्रेचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि तो दर काही आठवड्यांनी येतो. पेम्ब्रोलिझुमॅबवरील सीमाशुल्क केंद्र सरकारने 2023 मध्ये, तर दुर्व्हालुमॅबवरील 2024 मध्ये माफ केले. तरीही सामान्य कुटुंबाला हा भार पेलवणारा नाही.

या बाबतीत टाटा स्मारक रुग्णालयाच्या एका अभ्यासाची दखल घ्यावी लागेल. डोके व मानेचा, बरा होण्याच्या पलीकडे गेलेला कर्करोग असलेल्या सुमारे दीडशे रुग्णांचे दोन गट केले गेले. दोघांनाही कमी खर्चाच्या गोळ्यांची केमोथेरपी मिळाली. एका गटाला जोडीला दर तीन आठवड्यांनी केवळ 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले गेले. ही मात्रा नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण केवळ गोळ्या घेणाऱ्यांत सुमारे 16 टक्के, तर निव्होलुमॅबही मिळालेल्यांत सुमारे 43 टक्के होते. हा निष्कर्ष त्या गटातील रुग्णांपुरता आहे, प्रत्येक कर्करोगाला तो लावता येणार नाही. पण 'पैसे नाहीत म्हणून हा मार्गच बंद' असे मानण्यापूर्वी 'आमच्या रोगात कमी मात्रेचा पर्याय आहे का?' हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. सोबतच राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत वा मेडिक्लेम योजनेत आपले औषध बसते का, औषध कंपनीची रुग्णसाहाय्य योजना आहे का, याची चौकशी पहिल्या मात्रेपूर्वीच करावी. मध्येच पैसे संपून उपचार थांबण्यापेक्षा आधीच हिशेब मांडलेला बरा.

खिशातला एक कागद

रुग्णालयातून निघताना तीन गोष्टी हातात असाव्यात. पहिली, रात्री-अपरात्री लागेल असा उपचार करणाऱ्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक. दुसरी, त्रास झाल्यास आपल्या भागात कोणत्या रुग्णालयात जावे, याचे उत्तर. मुंबईत उपचार घेणाऱ्याने गोमेकॉत किंवा जवळच्या रुग्णालयात आपली कागदपत्रे दाखवून, तेथे नोंद करून ठेवली, तर आणीबाणीत मौल्यवान तास वाचतात. तिसरी, खिशात मावेल एवढा कागद. औषधाचे नाव, शेवटच्या मात्रेची तारीख, कर्करोगाचा प्रकार, डॉक्टरांचा क्रमांक आणि ठळक अक्षरांत एक वाक्य : 'मी इम्युनोथेरपी घेत आहे, कोणताही नवा त्रास तिच्यामुळे असू शकतो.' 'केमो चालू आहे' असे ढोबळ सांगू नये; दोहोंचे उपचार वेगळे आहेत. दंतवैद्य असो वा डोळ्यांचे डॉक्टर, कोणाकडेही जाताना हा कागद दाखवावा. लस घेण्यापूर्वीही विचारावे. उपचार संपल्यावर निदान वर्षभर तो खिशातच राहू द्यावा.

सुरुवातीच्या प्रसंगातील रुग्णाकडे वळू. जुलाबाच्या पहिल्याच दिवशी मुंबईला फोन गेला असता, तर कदाचित एक मात्रा लांबली असती आणि काही आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या असत्या. आठवडाभर दुर्लक्ष झाले, तर आतड्याला छिद्र पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. 'एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांना त्रास कशाला?' हा आपल्याकडचा संकोच. इम्युनोथेरपीच्या काळात तो बाजूला ठेवावा. फोन विनाकारण गेला, तर फार तर दोन मिनिटे वाया जातात.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधाची मात्रा, चाचण्या व उपचार यांबाबतचे निर्णय उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)